पाण्याखालचे दार उघडणारा माणूस : जाक कुस्तो

मालवण-तारकर्लीला जाणारे पर्यटक आज पाठीवर हवेचे नळकांडे बांधून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात उतरतात. परदेशी गेलेले प्रवासी तर हाडे गोठवणाऱ्या पाण्यातही एका दिवसाची सहल म्हणून बुडी मारून येतात. या सहलींमागे ज्याचे आयुष्य खर्ची पडले, त्या जाक-ईव्ह कुस्तो या फ्रेंच दर्यावर्दीची ही कहाणी.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ झाला. नौदलात शिरल्यावर त्यांना वैमानिक व्हायचे होते. परंतु १९३६ साली मोटार अपघातात त्यांचे दोन्ही हात जबर जखमी झाले आणि ते स्वप्न मोडले. हातांत बळ यावे म्हणून ते तुलों येथे समुद्रात पोहू लागले. फिलिप तायिए या मित्राने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. त्या काचेतून खालची सृष्टी दिसली आणि आकाश हुकलेल्या या तरुणाला समुद्र सापडला.

पण छातीतल्या एका श्वासावर माणूस खाली किती वेळ टिकणार? दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप बनवली होती. तीच पाणबुड्याच्या कामी आणायचे दोघांनी ठरवले. १९४३ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, कुस्तो पॅरिसजवळच्या मार्न नदीत उतरले. आडवे पोहताना हवा नीट मिळे. उभे राहिले की ती वाया जाई. डोके खाली केले की मिळेनाशी होई. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या पातळीवर होती, म्हणून पाण्याच्या दाबात फरक पडत होता. दोन्ही एका पातळीवर आणताच दोष गेला. अशा रीतीने 'अॅक्वालंग' सिद्ध झाले.

मित्रहो, यंत्र चांगले असले म्हणून संकट टळत नाही. २७ ऑगस्ट १९४६ रोजी कुस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा व्होक्लूझ येथील थंडगार झऱ्याच्या काळोख्या विवरात उतरले. खोल गेल्यावर दोघांची डोकी बधिर झाली. आपण कशासाठी आलो हेच कुस्तोंना आठवेना. वर दोर धरून बसलेल्या मोरिस फार्गने त्यांना ओढून काढले, म्हणूनच ते वाचले. पुढे उलगडा झाला, तो असा : हवा भरणाऱ्या पंपाने स्वतःच्याच इंजिनाचा विषारी धूर नळकांड्यांत ओढला होता! दुसऱ्याच वर्षी १२० मीटर खोल गेलेला फार्ग मात्र जिवंत परतला नाही. आजच्या प्रत्येक सुरक्षित बुडीमागे अशा माणसांचे मोल आहे.

१९५० मध्ये युद्धकाळातील एक सुरुंग काढणारे जहाज कुस्तोंना मिळाले. तेच जगप्रसिद्ध 'कॅलिप्सो'. १९५६ च्या त्यांच्या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि ऑस्करही मिळाले. पण त्याच चित्रपटात त्यांच्या माणसांनी शार्क मारले, सुरुंग लावून मासे मारले, हेही विसरता येत नाही. कुस्तोंचा मोठेपणा असा, की ते तेथेच थांबले नाहीत. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या बेताला त्यांनी विरोध केला. १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी संस्था स्थापली. १९७९ मध्ये मुलगा फिलिप विमान अपघातात गेला, तरी त्यांनी काम सोडले नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पाण्यात त्यांचे जहाज १९७२-७३ मध्ये जाऊन आले होते. त्या खंडावर खाणी होऊ नयेत म्हणून त्यांनी मोहीम चालवली आणि १९९१ मध्ये तसा आंतरराष्ट्रीय करार झाला. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या खांदा कॉलनीपासून पनवेलची खाडी लांब नाही. पुलावरून जाताना आपण तिचा वरचा रंग पाहतो आणि पुढे निघतो. ज्याने खाली पाहिले, त्याला आधी नवल वाटले, मग स्वतःच्या हातून झालेला संहार दिसला आणि शेवटी तो राखणदार झाला. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला या चरित्रातून एवढे कळते, की एक वाट बंद झाली म्हणजे माणूस संपत नाही आणि शिकलेला माणूस आपली मते बदलायला लाजत नाही.