भुलीच्या शोधाची किंमत

शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे रुजविणारे आणि निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची शिस्त घालून देणारे अमेरिकी शल्यविशारद विल्यम हालस्टेड यांचे नाव वैद्यकविश्वात आदराने घेतले जाते. मात्र या कीर्तीमागे व्यसनाशी आयुष्यभर चाललेली एक मूक झुंज दडलेली होती.

२३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या हालस्टेड यांनी १८७७ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविली. युरोपातील अभ्यासानंतर मायदेशी परतताच धडाडीचे शल्यविशारद म्हणून त्यांचा लौकिक झाला. १८८४ मध्ये कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर करता येतो, हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवून दिले. हालस्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच स्वतःच्याच शरीरावर प्रयोग आरंभिले. मज्जातंतूजवळ औषध टोचल्यास त्या तंतूचा संपूर्ण भाग बधिर होतो, हे त्यांनी सिद्ध केले. दाढ काढण्यापूर्वी आज दंतवैद्य जे इंजेक्शन देतात, त्याचे मूळ या प्रयोगांत आहे. परंतु प्रयोग करणारेच कोकेनच्या आहारी गेले. हालस्टेड यांचा बहरलेला व्यवसाय कोलमडला.

१८८६ मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल करण्यात आले. कोकेन सोडविण्याच्या प्रयत्नात मॉर्फिन मात्र जडले. अशा वेळी त्यांचे मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला बोलावून आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. रुग्णांची जबाबदारी लगेच सोपविली गेली नाही. तेथे त्यांनी आतड्याच्या टाक्यांवर मूलगामी संशोधन केले. १८८७ मध्ये पुन्हा बटलरला जावे लागले, तरी वेल्च यांनी साथ सोडली नाही. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले, तेव्हा हालस्टेड यांना तेथे आधी तात्पुरती नेमणूक मिळाली. पुढे ते शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख आणि १८९२ मध्ये प्राध्यापक झाले. पूर्वीचा वेगवान शल्यविशारद आता संथ, काटेकोर आणि एकांतप्रिय बनला होता. हार्वी कुशिंग यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली घडले.

७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ते पूर्णपणे व्यसनमुक्त झाले होते, असाच समज बराच काळ प्रचलित होता. मात्र सहकारी विल्यम ऑस्लर यांनी लिहून ठेवलेली गोपनीय टिपणे १९६९ मध्ये उजेडात आली आणि हॉपकिन्समध्ये आल्यावरही त्यांचे मॉर्फिन सुटले नव्हते, हे जगाला कळले.

भुलीची औषधे रोज हाताळणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना हा धोका आजही आहे. कोकेनच्या जागी फेंटानिल, प्रोपोफॉल आले, इतकेच. अनेक देशांत आता उपचार, नियमित तपासणी व देखरेखीखाली त्यांना टप्प्याटप्प्याने कामावर परतता येते. हालस्टेड यांना मित्राचा आधार लाभला, पण मोकळेपणाने मदत मागता येईल अशी व्यवस्था त्या काळी नव्हती. त्यांचे गुपित जपले गेले; त्यांची व त्यांच्या रुग्णांची काळजी मात्र दैवावर राहिली.