आमूरकाठची हरणे

डार्विनचे नाव निघाले की कोणीतरी पटकन म्हणते, बळी तो कान पिळी, हाच सृष्टीचा नियम! खुद्द डार्विनच्या मनात ‘जीवनकलहा’चा अर्थ इतका सोपा नव्हता. पण हाच अर्थ रूढ झाला आणि गिरणीमालकांपासून साम्राज्यवाद्यांपर्यंत अनेकांच्या पथ्यावर पडला. या समजुतीशी उभा दावा मांडणारा माणूस जन्माने मात्र मोठा सरंजामदार होता. त्याचे नाव प्योत्र क्रोपोत्किन.

१८४२ साली मॉस्कोतल्या एका राजघराण्यात तो जन्मला. वडिलांच्या पदरी सुमारे १२०० भूदास होते. त्यांच्यातल्या मकार नावाच्या नोकराला वडिलांनी एकदा क्षुल्लक कारणावरून शंभर फटके मारवले. छोटा प्योत्र रडत त्याचा हात हाती घेऊ लागला, तेव्हा मकारने हात मागे घेतला आणि मोठेपणी तूही असाच होणार ना, असे विचारले. हा प्रश्न त्या पोराच्या मनातून कधीच गेला नाही.

दरबारी मुलांच्या लष्करी शाळेत तो पहिला आला. झारचा खास सेवक म्हणून वावरला. १८६२ साली हवी ती पलटण निवडायची संधी होती, तेव्हा या एकोणीस वर्षांच्या मुलाने सैबेरियातले कोसॅक पथक मागितले. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

डार्विनचा ग्रंथ तेव्हा नुकताच गाजू लागला होता. क्रोपोत्किन आणि त्याचा प्राणिशास्त्रज्ञ मित्र पोल्याकोव्ह सैबेरियात एकाच जातीच्या प्राण्यांमधली झुंज शोधत हिंडले. ती फारशी दिसेना! दिसले ते निराळेच. येऊ घातलेल्या हिमवर्षावापुढे पळणारी हजारो हरणे दूरदूरच्या मुलखातून एकत्र येत आणि आमूर नदी जिथे अरुंद असे तिथून ओलांडत. इथला खरा शत्रू म्हणजे थंडी, बर्फ आणि उपासमार. त्यांच्याशी एकेकट्याने झुंजणारा टिकत नव्हता, कळपाने राहणारा टिकत होता.

पुढे भूगोलतज्ज्ञ म्हणून त्याने नाव कमावले. फिनलंडमध्ये हिमयुगाच्या खुणा तपासत असताना, १८७१ साली, रशियन भूगोल संस्थेचे चिटणीसपद त्याच्याकडे चालून आले. त्याने ते नाकारले. ज्या शेतकऱ्याला धड भाकरी मिळत नाही, त्याच्या पुढ्यात शास्त्राचा आनंद एकट्याने कसा भोगायचा, हा त्याचा पेच होता. स्वित्झर्लंडमधल्या घड्याळजींच्या संघटना पाहून तो अराज्यवादी झाला. १८७४ मध्ये त्याला अटक झाली. दोन वर्षांनी तुरुंगाच्या इस्पितळातून तो निसटला, ती कथा एखाद्या कादंबरीत शोभावी अशी! भेट आलेल्या घड्याळात सांकेतिक चिठ्ठी होती. रस्ता मोकळा असल्याची खूण म्हणून समोरच्या घरातून व्हायोलिन वाजले. पोलीस शहर धुंडाळत असताना मित्रांनी त्याला चक्क एका नामांकित उपाहारगृहात जेवायला नेले.

१८८८ साली इंग्लंडमध्ये टॉमस हक्सली यांनी निसर्गाचे चित्र मल्लांच्या रक्तरंजित आखाड्यासारखे रंगवले. क्रोपोत्किनने १८९० पासून लेखांमागून लेख लिहून उत्तर दिले. मुंग्या, मधमाश्या, पक्ष्यांचे थवे, मध्ययुगीन शहरांतले कारागिरांचे संघ. १९०२ साली या लेखांचे पुस्तक झाले. कलह नाहीच असे तो म्हणत नव्हता; परस्परसाहाय्य हीदेखील उत्क्रांतीतली तेवढीच मोठी शक्ती आहे, हे त्याचे म्हणणे. मात्र हवे तेच पाहण्याचा मोह त्याला कधी कधी होत असे. शिवाय, सगळे मदत करत असताना फुकट खाणारा शिरजोर कसा होत नाही, याचे नेमके उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते शोधायला विल्यम हॅमिल्टन (१९६४) आणि रॉबर्ट ट्रिव्हर्स (१९७१) यांच्यापर्यंत थांबावे लागले. आप्तांना केलेली मदत आपल्याच जनुकांना तारते आणि वारंवार भेटणाऱ्यांत परतफेडीचा व्यवहार टिकतो, हे त्यांनी दाखवले.

१९१७ मध्ये, चाळीस वर्षांनी, तो मायदेशी परतला. केरेन्स्कींनी देऊ केलेले मंत्रिपद त्याने घेतले नाही. पुढे बोल्शेविकांनी ओलीस धरण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा द्मित्रोव्हच्या थंडगार घरातून या वृद्धाने लेनिनला खरमरीत पत्र लिहिले.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी तो गेला. सरकारी इतमाम घरच्यांनी नाकारला. तुरुंगातल्या काही अराज्यवाद्यांना अंत्ययात्रेपुरते, परतण्याच्या बोलीवर सोडण्यात आले. काळे झेंडे घेऊन हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत चालली. संध्याकाळी ते कैदी आपण होऊन तुरुंगाच्या दारी हजर झाले.