रावबहादूर दादोबा पांडुरंग आणि सुरतेची मानवधर्मसभा

सुरत हे नाव कानी पडले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० या वर्षांच्या स्वाऱ्या प्रथम उभ्या राहतात. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी एक मराठी गृहस्थ त्याच तापीतीरावर शिक्षक म्हणून गेले आणि तेथील चार समानधर्मी मित्रांच्या साहाय्याने त्यांनी गुजरातेतील समाजसुधारणेचे पहिले संघटित कार्य उभे केले, ही गोष्ट मात्र आपल्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. हे गृहस्थ म्हणजे मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव केला जातो ते रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर होत. त्यांचे व्याकरण सर्वश्रुत आहे. त्यांनी स्थापन केलेल्या व त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या सभांचा इतिहास तितकाच बोधप्रद असून, संस्था चालविण्याचा वारसा ज्या कुळांना लाभला आहे त्यांनी तो अवश्य जाणून घ्यावा, असा आहे.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. त्यांचे मूळ घराणे वसईजवळच्या तर्खड गावचे. पित्याचे नाव पांडुरंग व मातेचे यशोदा. या उभयतांविषयी दादोबांच्या ठायी असलेला आदर पुढे त्यांच्या एका ग्रंथाच्या नावात कायमचा कोरला गेला. त्यांचे धाकटे बंधू भास्कर व आत्माराम हेही कीर्तिमान निघाले. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या राज्यकारभारावर कठोर टीका केली, तर डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे पुढे प्रार्थनासमाजाचे एक आधारस्तंभ झाले. एकाच घरातील तिघे बंधू सार्वजनिक हिताच्या विचाराने भारले जावेत, हे त्या घराण्याचे भाग्यच म्हणावयास हवे.

वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, दादोबांनी महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. संस्कृत व इंग्रजी व्याकरणपद्धतींचा मेळ घालून त्यांनी आपल्या भाषेला नियमांची चौकट दिली. पुढे अनेक आवृत्त्या निघालेल्या या ग्रंथाने मराठी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. मध्यंतरी माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून काम करून ते मुंबईस परतले. एल्फिन्स्टन विद्यालयात काही काळ अध्यापन केल्यावर सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत त्यांची नेमणूक झाली. हा काळ १८४१ च्या सुमाराचा.

त्या वेळची सुरत म्हणजे गतवैभवाची आठवण उराशी धरून बसलेली नगरी होती. मोगल अमदानीतील हे पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर. पण मुंबईचा उत्कर्ष होत गेला तसतसा तिचा व्यापार ओसरला. १८३७ च्या एप्रिल महिन्यातील भीषण आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीच्या महापुराने उरलेसुरलेही धुऊन नेले. अशा खचलेल्या नगरात लोकांना आधार होता तो आपापल्या जातीचा व आपापल्या महाजनाचा. आपल्या गोमंतकात महाजन म्हणजे देवस्थानाचे हक्कदार असलेले कुळपुरुष. सुरतेस महाजन म्हणजे एकेका धंद्यातील व्यापाऱ्यांचा संघ. शब्द एक, अर्थ भिन्न. तथापि दहाजणांनी एकत्र बसून ठरवावयाचे व ते सर्वांनी पाळावयाचे, हे मूलतत्त्व दोहींकडे सारखेच.

सुरतेत दादोबांना एक तोलामोलाचे स्नेही भेटले. ते म्हणजे दुर्गाराम मंछाराम मेहता. गुजरातेत शिक्षकाला मेहताजी म्हणतात, म्हणून ते दुर्गाराम मेहताजी याच नावाने प्रसिद्ध आहेत. १८०९ साली सुरतेतच जन्मलेले हे नागर ब्राह्मण गृहस्थ सरकारी गुजराती शाळेत शिकवीत. विधवांची दैन्यावस्था, जातिभेदाचा काच आणि भूतपिशाच व मंत्रतंत्र यांच्या भयाने गांजलेले लोकमानस पाहून ते व्यथित होत असत. शिळाछापाचे यंत्र मिळवून पुस्तकांचा प्रसार करण्याचा उद्योग त्यांनी १८४२ साली आरंभिला होता. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम व दामोदरदास या पाचही मित्रांच्या नावांचे आद्याक्षर द असल्यामुळे गुजरातेत ही मंडळी पाच दद्दा म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यांत कोणी संस्थानिक नव्हता, कोणी नगरशेठ नव्हता. बेताच्या प्राप्तीवर संसार चालविणारी ही साधी नागरिक मंडळी होती.

२२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्मसभेची स्थापना केली. दादोबा सभेचे अध्यक्ष व दुर्गाराम चिटणीस झाले. सभेची तत्त्वे दादोबांनी १८४३ साली लिहिलेल्या ‘धर्मविवेचन’ या प्रबंधाशी जुळती होती. ईश्वर एक असून तोच पूज्य आहे; खरा धर्म प्रेम व नीती यांवर उभा आहे; पारमार्थिक धर्म सर्वांचा एकच; प्रत्येकास विचाराचे स्वातंत्र्य असावे; आपले आचरण विवेकाला धरून असावे; मनुष्यमात्राची जात एक; आणि यथार्थ ज्ञान सर्वांना मिळावे, असा त्या प्रबंधाचा आशय होता.

या सभेचा विशेष हा की ती उघड होती. ठरल्या दिवशी सभा भरे, व्याख्यान होई, शंका विचारल्या जात व त्यांची उत्तरे दिली जात. पुनर्विवाह, जातिभेद, व्रतवैकल्यांतील अतिरेक अशा नाजूक विषयांवर चारचौघांत बोलले जाई. मंत्राच्या बळावर लोकांना भिवविणाऱ्या मांत्रिकांनी आपले सामर्थ्य सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवावे, असे जाहीर आव्हानही सभेने दिले. दुर्गाराम दैनंदिन टिपणे ठेवीत. त्यांच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली दुर्गारामांचे चरित्र लिहिले, म्हणूनच त्या चर्चांचा वृत्तांत मागे राहिला.

सभा स्थापन होऊन दोन महिने होतात न होतात तोच सुरत शहर एका निराळ्याच कारणाने ढवळून निघाले. सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. २९ ऑगस्ट १८४४ रोजी बाजार बंद झाला व हजारो लोक रस्त्यावर उतरले. लष्कर बोलवावे लागले, परंतु अखेर सरकारला कर बारा आण्यांवर आणणे भाग पडले. पुढे १८४८ साली सरकारने बंगालची वजने-मापे लागू करण्याचा घाट घातला, तेव्हा सुरतकरांनी दुकाने शांतपणे बंद ठेवली आणि सरकारला माघार घ्यावयास लावली. असहकारितेचा शब्दही ज्या काळी कोणी ऐकला नव्हता त्या काळची ही गोष्ट आहे.

हे दोन्ही प्रकार एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असता दादोबा व दुर्गाराम यांच्या कार्याचे काठिण्य यथार्थपणे ध्यानात येते. सरकारच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सुरतकराच्या पाठीशी त्याची पेठ, त्याची जात व त्याचा महाजन उभा होता. जातीच्या रूढीविरुद्ध बोलणाऱ्याच्या पाठीशी मात्र कोणीच नसे. किंबहुना जे संघबळ एरवी त्याची ढाल असावयाचे, तेच त्याच्यावर उगारले जाण्याची भीती असे. बहिष्कार पडला म्हणजे पंक्ती तुटे, मुलीला स्थळ मिळत नसे, भटजी व न्हावी घरी येत नसत आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यावयास माणूस लाभत नसे. १८४३ साली मुंबईत श्रीपाद शेषाद्री या मिशनरींच्या घरी राहिलेल्या अल्पवयीन ब्राह्मण मुलास परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानास केवढा विरोध सोसावा लागला, हे सर्वांच्या स्मरणात ताजे होते. पाच शिक्षक-मित्रांनी हा धोका पत्करून उघड सभा भरविली, यातच त्यांचे मोठेपण आहे.

१८४६ साली दादोबांची मुंबईच्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली व त्यांनी सुरत सोडली. दुर्गारामांनी काही काळ धुरा वाहिली. पण १८५२ साली त्यांचीही राजकोटास बदली झाली आणि सभा थंडावली. चार-सहा माणसांच्या खांद्यांवर उभी असलेली संस्था त्यांच्या बदलीबरोबर मावळते, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे.

मुंबईत दादोबांचे कार्य अखंड चालू राहिले. १८४८ साली विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचे ते पहिले अध्यक्ष झाले. पुढील वर्षी, १८४९ मध्ये, त्यांच्या प्रेरणेने परमहंससभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. तत्त्वे बहुतांशी सुरतेचीच. परंतु पद्धती नेमकी उलट. ही सभा गुप्त होती. नव्या सभासदाला जातिभेद न मानण्याची शपथ घ्यावी लागे आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन ती खरी करून दाखवावी लागे. पावाच्या एका तुकड्याने कुळे कशी दुरावत असत, हे गोमंतकातील वाचकांना निराळे सांगावयास नको. सभासदांची संख्या एक हजार झाल्यावर सभा प्रकट करावी, असा मंडळींचा मानस होता. बाहेरगावीही तिच्या शाखा निघाल्या. पण ती संख्या गाठण्यापूर्वीच, १८६० साली, सभेचे दप्तर चोरीस गेले. आपली नावे आता जगजाहीर होणार, या धास्तीने सभासद पांगले व सभा नष्ट झाली.

या गुप्ततेबद्दल दादोबांना व त्यांच्या सहकाऱ्यांना पुष्कळ दोष दिला गेला. तो सर्वस्वी न्याय्य आहे असे म्हणवत नाही. त्या तरुणांना वृद्ध आईबाप होते, लग्नाच्या बहिणी होत्या. तथापि सत्य हेही आहे की सुरतेची उघड सभा माणसे दूर गेल्यामुळे थांबली, भयाने मोडली नाही. मुंबईची गुप्त सभा मात्र एका दप्तराच्या चोरीने एका दिवसात कोसळली. स्वतः दादोबांचा ‘धर्मविवेचन’ हा प्रबंध लिहून झाल्यावर पंचवीस वर्षे तसाच राहिला आणि १८६८ साली छापला गेला, तोही ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. ज्यांनी व्याकरणाच्या ग्रंथावर बाविसाव्या वर्षी निःशंकपणे स्वतःचे नाव घातले, त्यांनाच धर्मविषयक ग्रंथावर चौपन्नाव्या वर्षी ते घालता आले नाही. यावरून त्या काळच्या रूढीचा दरारा किती होता, याची कल्पना यावी.

पण बीज वाया गेले नाही. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थनासमाजाची स्थापना झाली. तिच्यात डॉक्टर आत्माराम पांडुरंग अग्रभागी होते आणि परमहंससभेचे काही जुने सभासदही होते. हा समाज उघड होता. पुढे न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष त्यास लाभले. सुरतेतही त्याच मातीत १८३३ साली जन्मलेले कवी नर्मद यांनी १८६४ पासून ‘दांडियो’ या पत्रातून रूढींवर प्रहार केले आणि पुढे स्वतः विधवेशी विवाह करून बोलल्याप्रमाणे वागून दाखविले.

दादोबा १८५२ साली अहमदनगरास डेप्युटी कलेक्टर झाले. तेथील भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त केल्याबद्दल सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. ‘विधवाश्रुमार्जन’ या नावाने त्यांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला. तरीही हा सुधारक भक्तिमार्गाशी फटकून वागणारा नव्हता. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी १८६५ साली टीका लिहिली व मातापित्यांच्या स्मरणार्थ तिला ‘यशोदा पांडुरंगी’ असे नाव दिले. परंपरेवर प्रेम आणि परंपरेची चिकित्सा ही दोन्ही एकाच अंतःकरणात सुखाने नांदू शकतात, याचे हे उत्तम निदर्शन होय. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

दादोबांनी आपल्या आयुष्याच्या पूर्वार्धाचे आत्मचरित्र लिहून ठेवले होते. ते प्रकाशात आणण्याचा मान एका गोमंतकीय विद्वानाकडे जातो. श्रीमंगेशाचे देवस्थान ज्या गावात आहे त्या प्रियोळचे सुपुत्र प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९४७ साली ते आत्मचरित्र दादोबांच्या विस्तृत चरित्रासह प्रसिद्ध केले आणि पुढे परमहंससभेचाही इतिहास शोधून काढला. विस्मृतीत गेलेल्या या सभांचे ऋण आपल्याच भूमीच्या पुत्राने फेडले, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे.

देवस्थानाच्या महाजनांची नावे यादीत नोंदलेली असतात, सभेचे ठराव दप्तरात लिहिले जातात व त्यांखाली सह्या होतात. ही रीत केवळ कारकुनी नव्हे. जो निर्णय घेतला तो आपल्या नावानिशी घेतला, असे जगाला सांगण्याचे धैर्य त्या सहीत असते. जुनी चाल सोडावयाची असो वा नवी स्वीकारावयाची असो, ती दहाजणांत उघडपणे बोलून, शंकाकुशंकांना उत्तरे देऊन व आपले नाव खाली घालून करावी, हाच सुरतेच्या त्या पाच मित्रांच्या उद्योगाचा बोध आहे. रावबहादूर दादोबा पांडुरंग यांच्या पुण्यस्मृतीस आदरपूर्वक अभिवादन असो.