अर्देशीर खुर्शेदजी

अर्देशीर खुर्शेदजी यांचा जन्म १८०८ साली मुंबईच्या वाडिया घराण्यात झाला. जहाजे बांधणे हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. परंतु अर्देशीरांचे मन वाफेच्या यंत्राने वेधून घेतले. बॉयलरमध्ये पाणी उकळते, कोंडलेली वाफ दट्ट्याला ढकलते आणि त्या बळाने जड चाके फिरतात, हे पाहून ते थक्क होत. पुढे त्यांनी स्वतः एक लहानसे यंत्र घडविले व त्याच्या साहाय्याने विहिरीचे पाणी वर चढविले. अधिक ज्ञान मिळविण्यासाठी ते १८३९ मध्ये विलायतेस गेले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. मुंबईच्या सरकारी कारखान्यात ते मुख्य अभियंता झाले. एका हिंदी माणसाच्या हाताखाली काम करणे अनेक गोऱ्यांना रुचले नाही. परंतु अर्देशीरांनी वाद घातला नाही. त्यांचे कामच त्यांच्या वतीने बोलत राहिले. १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले.