जॉन स्नो : श्वासाकडे लक्ष देणारा डॉक्टर



जॉन स्नो म्हटलं की आपल्याला कॉलरा आणि लंडनमधला तो पाण्याचा पंप आठवतो. पण ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेल्या मुलाच्या श्वासावर सतत लक्ष ठेवतात ना, त्या शिस्तीचा पाया घालणाऱ्यांतही हेच डॉक्टर होते. त्यांची ही ओळख आपल्या वर्गात फारशी पोहोचत नाही, म्हणून आजचा हा लेख.

बालपण आणि शिक्षण

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात झाला. वडील मजुरी करायचे. नऊ भावंडांत जॉन थोरले. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकायला गेले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १८४४ मध्ये एम.डी. झाले.

श्वास हा त्यांच्या आवडीचा विषय. जन्मतःच गुदमरलेल्या बाळांना कसं वाचवावं, यावर त्यांनी १८४१ मध्येच निबंध वाचला होता. म्हणजे भुलेचा शोध इंग्लंडमध्ये पोहोचण्याच्याही पाच वर्षं आधी!

भुलेचं शास्त्र

१८४६ च्या अखेरीस इथर लंडनला आलं आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म. ऑपरेशनच्या वेदना थांबल्या, पण नवा धोका आला. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने काही मिनिटांत दगावली. विचार करा, किती साधं ऑपरेशन! क्लोरोफॉर्म कापडावर ओतून तिला हुंगायला दिलं होतं.

स्नो यांनी अशा मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला. कापडावरून श्वासात किती वाफ जाते याचा नेम नसतो, हे त्यांनी दाखवून दिलं. वाफेचं प्रमाण हवेत शेकडा चार-पाचच्या वर जाऊ नये म्हणून त्यांनी उपकरण बनवलं. भुलेच्या पाच पायऱ्या सांगितल्या. रुग्णाचा श्वास, डोळे, स्नायूंची हालचाल पाहून तो कोणत्या पायरीवर आहे हे ओळखायचं, ही त्यांची पद्धत.

त्यांनी शेकडो मुलांना भूल दिली, त्यात वर्षाच्या आतली बाळंही होती. मुलांना भूल लवकर चढते आणि लवकर उतरते, कारण त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण जलद असतं, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. राणी व्हिक्टोरियाच्या दोन बाळंतपणांतही (१८५३ आणि १८५७) क्लोरोफॉर्म त्यांनीच दिलं. १६ जून १८५८ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. क्लोरोफॉर्मवरचं त्यांचं पुस्तक त्यानंतर छापून आलं.

आज काय बदललं?

आज मुलांचं अपेंडिक्सचं ऑपरेशनही दुर्बिणीतून होतं. त्यासाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात. त्यामुळे श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसांना जागा कमी पडते आणि थोडा वायू रक्तातही शिरतो. म्हणून भूलतज्ज्ञ नळीतून यंत्राने श्वास देतात. प्रत्येक उच्छ्वासात किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे, हे पडद्यावर सतत दिसत असतं. मुलांच्या फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा कमी आणि गरज जास्त, त्यामुळे चूक सावरायला वेळ फार थोडा मिळतो. यंत्रं नवी आली, पण काम तेच : एका माणसाने पूर्ण वेळ मुलाच्या श्वासाकडे पाहत राहायचं.

पालकांसाठी

आपल्या मुलाचं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना सगळं खरं सांगा. सर्दी-खोकला, दमा, आधीची औषधं, काहीही लपवू नका. उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर रडतंय म्हणून गुपचूप बिस्किट देऊ नका. भुलेत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. ही माया महागात पडते.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना घरी लहान भावंड आणि आई शांत झोपलेले असताना दोघांचे एका मिनिटातले श्वास मोजायला सांगा. दुसऱ्या दिवशी आकडे फळ्यावर लिहा. कोणाचा श्वास जलद आणि का, हे मुलांनाच शोधू द्या. स्नो यांनीही सुरुवात अशीच, बघण्यापासून आणि मोजण्यापासून केली होती.