भंगारात काढलेला जनरल

जुनी लष्करी गाडी शोधायची, तिचा गंज खरवडायचा, जाम झालेलं इंजिन सोडवायचं आणि एक दिवस ती धुरासकट पुन्हा चालती करायची, असा छंद असलेली माणसं जगात हजारोंनी आहेत. आपल्याकडे लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तसंच हे, फक्त एकेक तिकीट तीस टनांचं! अमेरिकेत या मंडळींची संघटना १९७६ सालापासून आहे. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमचा 'टँकफेस्ट' म्हणजे तर त्यांची पंढरीच. आणि दर वर्षी ६ जूनच्या आसपास फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जुन्या जीपा आणि ट्रक घेऊन हौशी लोक वारीला जमावं तसे जमतात.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. रात्री जर्नल पूर्ण करायचं सोडून या रिस्टोरेशनबद्दल वाचत बसणं हा माझा उद्योग. (रूममेट याला वेगळं नाव देतो, ते इथे छापता येणार नाही.) वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. नॉर्मंडीत उतरलेल्या गाड्यांमध्ये ज्या सगळ्यात विचित्र होत्या, म्हणजे पोहणारा रणगाडा, साखळ्यांनी जमीन झोडपणारा रणगाडा, पूल घेऊन जाणारा रणगाडा, त्यांच्या मागे फिरून फिरून एकच नाव येतं: मेजर जनरल सर पर्सी हॉबर्ट. आणि गंमत अशी, की लष्कराने आधी या माणसालाच भंगारात काढलं होतं!

हॉबर्ट यांचा जन्म १४ जून १८८५ चा, आपल्या नैनितालचा. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. १९०४ साली वुलिचच्या मिलिटरी अकॅडमीतून ते रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाले आणि पुढे भारतात बंगाल सॅपर्स अँड मायनर्समध्ये आले. या सॅपर्सचं केंद्र म्हणजे रूडकी. म्हणजे आपल्या गेटच्या पोरांना जे गाव आयआयटीमुळे माहीत असतं, तेच. थोडक्यात काय, तर हा माणूस मुळात इंजिनिअर. रस्ते, पूल, सुरुंग हा त्यांचा सिलॅबस.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. शौर्यपदकंही मिळाली. पण काटेरी तारा आणि मशीनगन यांच्यापुढे माणसं कशी कापली जातात, हेही त्यांनी पाहिलं. यापुढचं युद्ध यंत्रावर बसून लढावं लागेल, असं त्यांचं मत झालं. १९२३ साली त्यांनी स्वतःहून टँक कोअरमध्ये बदली मागून घेतली. त्या काळी ब्रिटिश लष्करात खरा मान घोडदळाला. रणगाडेवाले म्हणजे हाताला ग्रीस लागलेली माणसं! आपल्या कॉलेजातही वर्कशॉपमधून थेट मेसमध्ये आलं की कसे बघतात, ते आठवा.

१९३४ साली ब्रिटनची पहिली कायमस्वरूपी टँक ब्रिगेड उभी राहिली, ती हॉबर्ट यांच्या हाताखाली. रणगाडे वायरलेसवरून बोलत एकत्र कसे हलवायचे, याचे धडे तिथे गिरवले गेले. १९३८ साली त्यांना इजिप्तला पाठवलं. तिथे मोडक्यातोडक्या सामानावर त्यांनी वाळवंटात एक फिरतं सैन्य तयार केलं. सुरुवातीला त्याची टिंगल झाली. हेच सैन्य पुढे सातवी आर्मर्ड डिव्हिजन, म्हणजे प्रसिद्ध 'डेझर्ट रॅट्स' झालं.

पण हॉबर्ट यांचं तोंड फटकळ. वरिष्ठांची चूक दिसली की चारचौघांत बोलून मोकळे. त्यात १९२८ साली त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याच्या घटस्फोटित पत्नीशी लग्न केलं होतं. त्या काळच्या ऑफिसर मेसला ते पचलं नव्हतं. दुश्मन भरपूर जमले होते. १९३९ च्या अखेरीस त्यांना इजिप्तमधून काढलं आणि १९४० साली चक्क निवृत्त केलं. वय ५४, युद्ध नुकतंच सुरू झालेलं आणि देशातला रणगाड्यांचा सगळ्यात जाणकार माणूस घरी!

मग या मेजर जनरलने काय केलं? चिपिंग कॅम्डेन या गावात होमगार्डमध्ये नाव घातलं. हुद्दा लान्स कॉर्पोरल! आपले एचओडी उद्या लॅब असिस्टंट म्हणून रुजू झाले तर कसं वाटेल? पण हॉबर्ट गावाच्या बंदोबस्ताला लागले. इकडे १९४० च्या डिसेंबरपासून त्यांनीच घडवलेल्या डिव्हिजनने उत्तर आफ्रिकेत इटालियन सैन्याची धूळधाण उडवली. तेव्हा हॉबर्ट यांच्या हाताखाली एकही डिव्हिजन नव्हती.

सुदैवाने लिडेल हार्ट या लष्करी लेखकाने असा माणूस वाया घालवल्याबद्दल वर्तमानपत्रात लेख लिहिला. तो पंतप्रधान चर्चिल यांच्या नजरेस पडला. लष्करी बाबूंचा विरोध मोडून चर्चिल यांनी त्यांना परत आणलं. १९४१ मध्ये त्यांनी अकरावी आर्मर्ड डिव्हिजन उभारली. १९४२ मध्ये तब्येतीचं कारण काढून पुन्हा घालवायचा प्रयत्न झाला, पुन्हा चर्चिल आडवे आले. मग त्यांच्याकडे एकोणऐंशीवी आर्मर्ड डिव्हिजन आली.

आता इथे थोडं इंजिनिअरिंग. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधल्या दिएप बंदरावर दोस्तांनी छापा घातला आणि तो पार फसला. रणगाडे किनाऱ्यावरच्या गोट्यांत रुतले, पट्टे तुटले. जे वर पोचले त्यांना काँक्रीटच्या अडथळ्यांनी अडवलं. अडथळे उडवायला आलेले सॅपर उघड्यावर होते, ते गोळीबारात टिकले नाहीत. म्हणजे प्रॉब्लेम स्टेटमेंट स्पष्ट होतं: इंजिनिअरला चिलखताच्या आत बसवून किनारा ओलांडायचा. मार्च १९४३ मध्ये हे काम हॉबर्ट यांच्या डिव्हिजनला मिळालं.

त्यातून निघालेल्या गाड्यांना सैनिकांनी नाव दिलं 'हॉबर्टचे फनीज'. शर्मन डीडी हा पोहणारा रणगाडा. भोवती कॅनव्हासचा पडदा, तो हवेच्या ३६ रबरी नळ्यांनी उभा राहायचा आणि मागे दोन प्रॉपेलर. क्रॅबच्या पुढे फिरत्या रोलरला ४३ साखळ्या. त्या जमीन झोडपून भूसुरुंग उडवायच्या, पण तेव्हा वेग ताशी दोन किलोमीटर! चर्चिल रणगाड्यावर बांधलेल्या एव्हीआरईला सुमारे अठरा किलोचा बाँब फेकणारी तोफ होती. ती पुन्हा भरताना एका जवानाला झडप सरकवून हात बाहेर काढावे लागत. क्रोकोडाइल मागच्या ट्रेलरमधलं इंधन ओढून आग ओकायचा. शिवाय मऊ वाळूवर कापडी रस्ता अंथरणारे आणि पूल टाकणारे वेगळेच.

यातला एकही शोध हॉबर्ट यांचा एकट्याचा नव्हता. डीडी हे हंगेरीत जन्मलेल्या निकोलस स्ट्राउसलर यांचं डोकं. साखळ्यांची कल्पना दक्षिण आफ्रिकेच्या दु टॉइट यांची. एव्हीआरई कॅनडाच्या इंजिनिअरांकडून आली. मग हॉबर्ट यांनी केलं काय? हे सगळं एकत्र आणलं, खोटे किनारे आणि खोटे बंकर बांधून चाचण्या घेतल्या, जे चाललं नाही ते टाकून दिलं आणि माणसं तयार केली. डीडीचे जवान तळ्यात पोहण्याचा सराव करत, शिवाय बुडालेल्या रणगाड्यातून बाहेर कसं पडायचं याचाही. आपण प्रोजेक्टला मॉडेल करतो, ते वायवापुरतं चाललं की झालं. इथे चाललं नाही तर पाच माणसं बुडणार होती.

आणि बुडालीसुद्धा. ६ जून १९४४ रोजी ओमाहा किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या एका बटालियनने २९ डीडी खवळलेल्या समुद्रात फार लांबवर सोडले. पडदा फुटभर लाटांसाठी होता, लाटा होत्या सहा फुटांपर्यंत. २७ बुडाले. इतर किनाऱ्यांवर जिथे ते जवळ सोडले किंवा थेट वाळूवर उतरवले, तिथे त्यांनी काम केलं. यंत्राची मर्यादा किती, हे वापरणाऱ्यालाही कळलं पाहिजे, हा धडा कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकापेक्षा मोठा आहे.

युद्ध संपेपर्यंत एकोणऐंशीवी ही ब्रिटिश सैन्यातली सगळ्यात मोठी आर्मर्ड डिव्हिजन झाली होती. पण ती एकत्र कधीच लढली नाही. चार गाड्या इथे, सहा तिथे, जो अडला त्याच्या मदतीला. त्या मदतीतलं श्रेय नेहमी दुसऱ्याचं. जनरल मॉन्टगोमेरींचं नाव पोराटोरांना माहीत असतं. हॉबर्ट त्यांचे मेहुणे, मॉन्टगोमेरींची बायको ही हॉबर्ट यांची बहीण, हे कितीजणांना माहीत आहे? ऑगस्ट १९४५ मध्ये डिव्हिजन मोडली. हॉबर्ट १९४६ मध्ये निवृत्त झाले, या वेळी मानाने. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी ते गेले.

गाड्यांचं काय झालं? बहुतेक खरोखरच भंगारात गेल्या. म्हणून उरलेल्या शोधायला माणसं समुद्राच्या तळाशी जातात. इंग्लंडमध्ये टॉरक्रॉस गावाजवळ सरावात बुडालेला एक डीडी होता. केन स्मॉल नावाच्या एका हॉटेलवाल्याने १९७४ साली तो अमेरिकन सरकारकडून ५० डॉलरला विकत घेतला आणि दहा वर्षं खटपट करून १९८४ मध्ये पाण्याबाहेर काढला. फ्रान्समध्ये ग्रे-सुर-मेर इथे ६ जूनच्या सकाळी एक एव्हीआरई पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बुडाला. सहापैकी चारजण मेले. मागच्यांनी त्याच रणगाड्यावर पूल टेकवून वाट केली. नंतर वर रस्ता झाला आणि गाडी खालीच राहिली, थेट १९७६ पर्यंत. आज ती तिथेच स्मारक म्हणून उभी आहे.

या दोन्ही गाड्या चालू केलेल्या नाहीत. गंज थांबवला आणि तशाच ठेवल्या. मला आधी वाटायचं, रिस्टोरेशन म्हणजे इंजिन फिरलंच पाहिजे. या गाड्यांबद्दल वाचल्यावर पटलं, की काही ठिकाणी रंग मारणं म्हणजे पुसून टाकणं. कुठली गाडी चालवायची आणि कुठली शांत उभी ठेवायची, हे ओळखणं हाही या छंदाचाच भाग आहे.

यासाठी फ्रान्सला जायला हवं असं नाही. अहिल्यानगरचं, म्हणजे आपल्या जुन्या नगरचं रणगाडा म्युझियम १९९४ पासून आहे. गेल्या वर्षी आम्ही चौघे एसटीने जाऊन आलो. तिथे चर्चिल उभा आहे. त्याच्या कुशीला एक दार असतं. बाकीचे फोटो काढत होते, मी दारापाशी थांबलो. चर्चिल निवडला त्याचं एक कारण हे दार. गोळ्या समोरून येत असताना सॅपरला आडोशाने बाजूने उतरता यावं म्हणून.

मित्रहो, आपल्याही वर्गात एखादा हॉबर्ट असतो. फटकळ, कोणाला ग्रुपमध्ये नको असलेला, पण काम येणारा. प्रोजेक्टचे ग्रुप पाडताना त्याला एकदा विचारून बघा. आणि तुम्ही स्वतःच तो असाल, तर कोणी लान्स कॉर्पोरल केलं तरी काम सोडू नका. चर्चिल दरवेळी भेटतोच असं नाही, पण तो भेटेपर्यंत हात गंजू द्यायचे नाहीत, एवढं आपल्या हातात आहे.