बालगंधर्वांची मीराबाई



बालगंधर्वांचे नाव आपल्या धार-देवासच्या मराठी घरांतील आजी-आजोबांच्या तोंडी आजही असते. पण त्यांनी सिनेमातही काम केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या अंकात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत. त्यांची भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू पाहून घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, हे मुलांना नवलाचे वाटेल.

मग बोलपट आला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तारामतीचे काम दुर्गा खोटे यांनी केले. नाटकांचा प्रेक्षक कमी होऊ लागला, मंडळीवर कर्ज होतेच. बालगंधर्व प्रभात कंपनीकडे गेले आणि १९३५ च्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. (चित्रपटाचे नाव आधी 'महात्मा' होते, सेन्सॉरने ते बदलायला लावले.) परंतु ज्यांच्या डोळ्यांपुढे रुक्मिणी होती, त्यांना हा पुरुषवेषातला एकनाथ आपला वाटला नाही.

१९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांनी 'साध्वी मीराबाई' काढला. वसंत शांताराम देसाई यांच्या 'अमृतसिद्धी' या संगीत नाटकावरून तो घेतला होता. मीराबाई बालगंधर्वच! तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. ही निवड समजण्यासारखी होती. रंगभूमीवरची मीरा त्यांचीच होती, आणि लोकांना ते स्त्रीवेषातच हवे होते. पण नाटकगृहात चेहरा दुरून दिसतो. पद सुरू झाले की उरलेले सर्व प्रेक्षक आपल्या मनाने भरून घेतो. कॅमेरा अगदी जवळ जातो, त्याला वय दिसते. शिवाय पडद्यावर खऱ्या स्त्रिया येत होत्या. चित्रपट चालला नाही. आमच्या मते दोष गळ्याचा नव्हताच. रंगमंचावर जे लोक आनंदाने मान्य करीत, ते त्यांनी पडद्यावर मान्य केले नाही, इतकेच.

ते पुन्हा रंगभूमीकडे वळले आणि उतारवयातही स्त्रीभूमिका करीत राहिले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

१९४८ पासून आपल्या देवासला राहिलेले पंडित कुमार गंधर्व यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. त्यात ना शालू होता, ना दागिने. होती फक्त पदे. त्याची ध्वनिफीत कोणा पालकांकडे असल्यास शाळेला थोड्या दिवसांसाठी द्यावी, आम्ही ती मुलांना ऐकवू.